गारव्याचा जमाखर्च

घरात एअरकंडिशनर घ्यायचे ठरले की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘एक टन की दीड टन?’ आपण बी. कॉम. असल्यामुळे गंभीरपणे मान डोलावतो आणि मनात म्हणतो, एवढ्याशा पेटीचे वजन दीड टन? भिंत राहील का?

तर मंडळी, हा टन पेटीचा नाही, बर्फाचा आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून उपसून बाहेर टाकण्याची ताकद म्हणजे एक टन. तोही अमेरिकन, २००० पौंडांचा, म्हणजे आपले सुमारे ९०७ किलो. गारवा मोजायला बर्फाचे माप कशाला, असे विचाराल, तर त्याला कारण आहे. यंत्र येण्यापूर्वी गारवा खरोखरच टनावारी विकत मिळत असे.

बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तळ्यांतला गोठलेला बर्फ कापून जगभर विकायचा धंदा काढला. १८३३ साली त्याचे ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. चार महिने प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचे, आणि माल बर्फ! पोचला तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. आमच्या शाखेत संध्याकाळी एका रुपयाची तूट आली तरी रात्री आठपर्यंत सुटका नसते; इथे ८० टन वाटेत गळाले आणि तरी धंदा फायद्यात! लवकरच हा बर्फ मुंबईतही आला. शेठ जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानांसकट पाहुणे सर्दीने अंथरुणाला खिळले, असे सांगतात. मद्रासचे १८४२ चे बर्फघर अजून उभे आहे. १८९७ साली तिथे स्वामी विवेकानंद राहिले होते, म्हणून आज ते त्यांच्या नावाने ओळखले जाते.

अर्थात बर्फाआधीही उन्हाळा होताच. ‘ऐने अकबरी’त अबुल फजलने वाळ्याच्या ताट्यांचे श्रेय थेट अकबर बादशहाला दिले आहे. वाळ्यावर पाणी मारले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असे त्याचे म्हणणे. (साहेबाची चांगली कल्पना ही साहेबाचीच असते, हा नियम नोकरीत तेव्हापासून आहे.) पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेऊन जाते, एवढेच त्यातले शास्त्र. नागपूरचा कूलर म्हणजे हीच ताटी, मागे पंखा लावलेली. दर उन्हाळ्यात त्याचे गवत बदलायचे, टाकी खरवडायची, पंपाला दोन शिव्या द्यायच्या. वैदर्भीय माणसाचे वर्ष तिथून सुरू होते. पण हाच कूलर मुंबईला आणा. तिथली हवा आधीच ओली, ती आणखी पाणी घ्यायला तयार नाही. कूलर फक्त घाम फिरवत बसतो. बदली होऊन आलेल्या नागपूरकरांना हे पटत नाही.

ऊब देण्याच्या खात्यात आपली नोंद त्या मानाने छोटी: तांब्याचा बंब. वरून पाणी, मधल्या नळीत जळण, चिंचेने घासला की सोन्यासारखा. विसण किती घालायचे हे आजीचा हात ठरवी. आजच्या गीझरला त्यासाठी थर्मोस्टॅट लागतो आणि तोच आधी बिघडतो.

गारव्याचा जमाखर्च मात्र नेहमी कुणाच्या तरी नावे पडला. साहेबाच्या डोक्यावर झालरीचा पंखा हाले, त्याची दोरी बाहेर व्हरांड्यात बसलेल्या माणसाच्या हातात. कधी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. रात्रभर ओढायची. डुलकी लागली की पंखा थांबे, पंखा थांबला की साहेब जागा होई. साहेबाच्या लाथेने पंखेवाले मेल्याचे खटले कोर्टात उभे राहिले. डॉक्टर साक्ष देत, प्लीहा आधीच सुजलेली होती. साहेब किरकोळ शिक्षेवर सुटत. विजेच्या पंख्याने आपल्याला काय दिले, हे मोजताना ही नोंद वगळता येत नाही.

एअरकंडिशनरचा जन्म तर माणसासाठी झालाच नाही. १९०२ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतला दमटपणा काबूत ठेवणारे यंत्र आखले. कागदासाठी! आमच्या बँकेतही तीच परंपरा आहे. सर्व्हर नावाच्या कपाटाला चोवीस तास थंड हवा. कॅश काउंटरवरच्या माणसाला पंखा, तोही नोटा उडतात म्हणून एकवर.

आता यंत्रातल्या गॅसविषयी. दर एप्रिलला आमच्या घरी एक मेकॅनिक येतो, पेटीला कान लावतो आणि वैद्याच्या सुरात म्हणतो, ‘साहेब, गॅस कमी झालाय.’ सौ. लगेच पर्स काढते. वास्तविक हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळीत तो आत उष्णता घेतो, बाहेर टाकतो, पुन्हा आत येतो. बँकेच्या भाषेत ते मुद्दल आहे. मुद्दल आपोआप कमी होत असेल तर कुठेतरी अफरातफर आहे, म्हणजे नळीला गळती आहे. ती आधी शोधायची, बुजवायची, मग गॅस भरायचा. हे मी मेकॅनिकला सांगितले. तो म्हणाला, ‘साहेब बँकेत असता ना?’

शिवाय गळालेला गॅस जातो कुठे? १९३० साली थॉमस मिजलीने फ्रीऑन निर्धोक आहे हे दाखवायला तो भर सभेत छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली. टाळ्या पडल्या. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले की या जातीचे वायू वर जाऊन ओझोनचे कवच खातात. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला आणि ते वायू टप्प्याटप्प्याने हद्दपार होऊ लागले. नव्या पेट्यांतला गॅस ओझोनला खात नाही, पण पृथ्वी तापवायला बराचसा हातभार लावतो. म्हणून पेटी बदलताना तारे मोजावेत, पण जुनी पेटी भंगारवाल्याने नळी कापून हवेत रिकामी करू नये, हेही बघावे.

आमच्या शाखेच्या एटीएमच्या काचेच्या खोलीत मे महिन्यात भलतीच गर्दी असते. शिल्लक बघायला आलेली माणसे शिल्लक पुन्हापुन्हा बघतात. दाराबाहेर उन्हात, जिथे पेटीचा गरम झोत येतो नेमका तिथेच, स्टुलावर वॉचमन बसलेला असतो. दार कुणी उघडे टाकले की तो उठतो, आतल्या मंडळींची थंडी जाऊ नये म्हणून ते लावून घेतो आणि पुन्हा येऊन बसतो.