सुटी फळी

गेल्या वर्षी भर ऑगस्टमध्ये मी एक टेबल केलं. सागाच्या फळ्या सरसाने जोडून साठ सेंटीमीटर रुंद पाट, आणि तो वाकू नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या, चांगल्या आठ-आठ स्क्रूंनी आवळलेल्या. एप्रिलमध्ये पाट मधोमध फाटला. फटीत रुपयाचं नाणं उभं सरकवता येत होतं. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी टेबल उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढं आवळलंत, मग ते फाटणारच की."

इंजिनियरिंगच्या चार वर्षांत पोलाद किती प्रसरण पावतं ते शिकलो होतो. लाकडाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मग वाचायला लागलो आणि थेट सतराव्या शतकातल्या लंडनच्या एका भांडणात जाऊन पडलो.

आधी मुद्दा समजून घेऊ. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी. कापून, वाळवून, पॉलिश मारूनही ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पॉलिशने वेग कमी होतो, इतकंच. ओलावा नळ्यांच्या भिंतींत शिरतो, त्यामुळे फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. पूर्ण ओला साग वाळला की वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो. गाभ्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, २.५ टक्केच. अमेरिकन पांढऱ्या ओकचे हेच आकडे १०.५ आणि ५.६. मोसमागणिक लाकडातला ओलावा पाच टक्क्यांनी बदलला, तर नव्वद सेंटीमीटरचा सागाचा पाट आठ-नऊ मिलिमीटर हलू शकतो, ओकचा जवळजवळ दुप्पट. आपल्याकडे सागाने सुतारांच्या पुष्कळ चुका पोटात घातल्या आहेत, असं मला हे आकडे पाहून वाटलं. युरोपच्या सुतारांच्या हाती मात्र ओक होता.

मध्ययुगीन इंग्लंडमधली साधी पेटी सहा फळ्यांची असे. पुढच्या-मागच्या फळ्यांचे रेषे आडवे, बाजूच्या फळ्यांचे उभे, आणि दोन्ही खिळ्यांनी एकमेकांत ठोकलेल्या. आडवी फळी उंचीत आकसू पाहते, उभी फळी त्या दिशेने हलत नाही, खिळे दोघींनाही धरून ठेवतात. शेवटी फळी तडकते. माझ्या टेबलात वेगळं काही घडलं नव्हतं.

यावरचा उपाय जुनाच आहे. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममध्ये एका घरातलं लाकडी पार्टिशन कोळसा होऊन टिकलंय. तेही चौकट आणि पॅनेलचं आहे. पंधराव्या शतकात फ्लँडर्स आणि आसपासच्या मुलखात ही पद्धत पुन्हा जोमात आली आणि तिथून इंग्लंडमध्ये रुजली. चार अरुंद पट्ट्यांची चौकट करायची, कोपऱ्यात कुसू खाचेत बसवून लाकडी खुंटी मारायची. चौकटीच्या आतल्या कडेला खोबणी पाडायची आणि त्यात पातळ फळी नुसती सरकवायची. सरस नाही, खिळा नाही. फळी खोबणीत फुगते, आकसते. बाहेरून काही कळत नाही.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. दाराची रुंदी आता आडव्या पट्टीच्या लांबीवर ठरते, आणि लांबीत लाकूड हलत नाही. उभ्या दोन पट्ट्या रुंदीत हलतात खऱ्या, पण त्या चार बोटं रुंद. त्यांचं हलणं ते किती! प्रश्न सोडवलेला नाही, जिथे तो जाणवणार नाही तिथे नेऊन ठेवलाय. आमच्या धंद्यात याला आम्ही आर्किटेक्चर म्हणतो आणि त्याचे जास्त पैसे घेतो.

शिवाय त्या काळी पॅनेलची फळी बहुधा करवतीने कापत नसत. ओंडका पाचर ठोकून गाभ्यातून फोडत. तशी निघालेली फळी आपसूक त्रिज्येच्या दिशेची, म्हणजे कमी हलणारी. टक्केवारी कुणी मोजली नव्हती, पण हाताला ते कळलं होतं.

हे काम करणारे स्वतःला कारपेंटर म्हणवत नसत, ते जॉइनर. १५७१मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने लंडनच्या जॉइनरांच्या संघाला सनद दिली. मग कोणी काय बनवायचं यावरून कारपेंटरांशी खटके उडत राहिले आणि १६३२मध्ये शहराच्या आल्डरमनांना निवाडा करावा लागला. कुसू-खाचेचं, सरसाने जोडलेलं काम जॉइनरांचं. फळ्या खिळ्यांनी ठोकून केलेलं कारपेंटरांचं. पलंग चौकटीचा असेल तर जॉइनर, फळ्या ठोकलेला असेल तर कारपेंटर. निवाडा अर्थातच पोटापाण्याचा होता, लाकडाच्या भल्याचा नव्हे. तरी रेघ पडली ती नेमकी लाकडाला हलू देणारं काम आणि आवळून धरणारं काम यांच्यामधून.

यात कारपेंटरांना अडाणी ठरवायचा मोह होतो, तो मी टाळतो. तडकलेल्या सहा-फळी पेट्या इंग्लंडमधल्या चर्चांत आजही उभ्या आहेत. पेटीला चीर गेली म्हणून धान्य किंवा कपडे ठेवायचं थोडंच अडतं? आणि ती स्वस्त होती. न तडकणारी पेटी ज्यांना परवडत होती, ते जॉइनरकडे जात.

चौकटीनेही सगळं भागत नाही. टेबलाचा पाट सलग हवा असतो. जुन्या गोल टेबलांचा व्यास जाणकार व्यापारी दोन दिशांनी मोजून बघतात. दोनेकशे वर्षांत पाट रेषांच्या आडव्या दिशेने आकसलेला असतो. तो अगदी गोल भरला, तर टेबल नवं असल्याचा संशय.

मिस्त्रींनी माझ्या पट्ट्यांवरचे स्क्रू काढायला लावले. मधला एकेक सोडून बाकीच्यांची भोकं कानशीने पाटाच्या रुंदीच्या दिशेने लांबट करून घेतली, फट सरस लावून क्लॅम्पने मिटवली. स्क्रू परत लावताना मी सवयीने पिळायला गेलो, तर त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातातून काढून घेतला. गेल्या जुलैत मोजलं, पाट चार मिलिमीटरने रुंद झाला होता.