पुढच्या अंकाची वाट

मंडळी, गोष्ट ऐन रंगात येते आणि पानाच्या तळाशी 'क्रमशः' हा शब्द उभा राहतो. 'नेमकं इथंच तोडलं!' असं म्हणत आपण मासिक मिटतो. पण त्यातली माणसं काही मिटत नाहीत. महिनाभर ती आपल्या घरात वावरतात. त्या मुलीचं लग्न ठरेल का, बापावरचा आळ टळेल का, याची चर्चा चुलीपुढे होते, पारावरही होते. अशी वाट पाहणे म्हणजे वेळ फुकट घालवणे, असे पुष्कळांना वाटते. माझे म्हणणे उलट आहे. क्रमशः चालणाऱ्या गोष्टीचे खरे बळ त्या वाट पाहण्यातच असते. याचा एक नामी दाखला इंग्लंडच्या वाङ्मयाच्या इतिहासात सापडतो. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

अँटनी ट्रॉलप हा कादंबरीकार पेशाने टपालखात्यातला नोकर. १८३४ साली तो लंडनच्या टपाल कचेरीत कारकून म्हणून लागला. १८५१ मध्ये खेड्यापाड्यांतल्या टपालाची घडी बसवण्यासाठी त्याला पश्चिम इंग्लंडात धाडले. पत्र घरोघर पोचले पाहिजे, पण पोस्टमनला दिवसाकाठी सोळा मैलांहून जास्त पायपीट पडता कामा नये, असा हिशेब होता. त्यासाठी हा गृहस्थ घोड्यावर बसून आडवाटा तुडवत असे, शेतकऱ्यांच्या दारात उभा राहून चौकशी करत असे. असा हिंडता हिंडता तो सॉल्सबरी गावी आला. तिथल्या मोठ्या चर्चच्या आवारात फिरताना त्याला एक गोष्ट सुचली. तीच १८५५ साली 'द वॉर्डन' या नावाने प्रसिद्ध झाली. गोष्टीसाठी त्याने बार्सेटशायर नावाचा एक जिल्हाच कल्पनेने वसवला. पुढे त्याचा नकाशासुद्धा काढला. १८६७ पर्यंत या एका जिल्ह्यावर सहा कादंबऱ्या झाल्या.

आता, या कादंबऱ्यांत असते काय? लढाया नाहीत, राजवाडे नाहीत. आहेत ती त्या काळची चालती-बोलती घरे: धर्मोपदेशक, जमीनदार, डॉक्टर, त्यांची मुले, मुलांची लग्ने, देणेकऱ्यांचा तगादा, मानापमान. एका पुस्तकातला बाप दुसऱ्यात आजोबा होऊन भेटतो. इथली भाची तिथली सून होते. पहिल्या पुस्तकातल्या ग्रँटली घराण्याचा मुलगा शेवटच्या पुस्तकात क्रॉली नावाच्या गरीब धर्मोपदेशकाच्या मुलीला, ग्रेसला, मागणी घालतो. तिच्या बापावर वीस पौंडांचा चेक चोरल्याचा आळ आहे. ती म्हणते, आळ दूर होईपर्यंत मी लग्न करणार नाही. वाचकाला दोन्ही घरे आधीपासून ठाऊक! मग त्याचा जीव टांगणीला लागेल नाही तर काय?

हे वाचन सर्वांच्या आवाक्यात आले ते मासिकांमुळे. त्या काळी नवी कादंबरी तीन भागांत निघे आणि तिची किंमत असे साडेएकतीस शिलिंग. एवढे पैसे कोण मोजणार? जानेवारी १८६० मध्ये 'कॉर्नहिल' मासिक एका शिलिंगला निघाले. त्याचा संपादक थॅकरे. पहिल्याच अंकाच्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या, आणि त्या अंकातली पहिली गोष्ट होती ट्रॉलपची 'फ्रॅमली पार्सनेज'. तोवर पुस्तक पुरे लिहून झाल्यावाचून ते छापायला द्यायचे नाही, असा त्याचा परिपाठ होता. इथे मात्र कादंबरी अर्धीमुर्धी असतानाच छपाई सुरू झाली. रोज पहाटे साडेपाचला लिहायला बसायचे, घड्याळ पुढ्यात ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द उतरवायचे, आणि मग कचेरी गाठायची, असा त्याचा नेम होता. आगगाडीतही गुडघ्यावर पाटी धरून तो पेन्सिलीने लिही.

त्या कादंबरीत ल्यूसी नावाची साधी मुलगी आहे. तरुण जमीनदार तिच्यावर भाळतो, पण त्याच्या आईला हे स्थळ पसंत नाही. ल्यूसी रडत बसत नाही. ती सांगते, तुमच्या आईसाहेबांनी स्वतः मला मागितले तरच मी या घरात येईन. सासूने आपण होऊन सुनेच्या दारी यायचे! सोळा महिने वाचक त्याची वाट पाहत होते. एका बैठकीत वाचून संपवली असती, तर त्या म्हाताऱ्या बाईचे मन पालटायला लागलेला वेळ वाचकाला जाणवलाच नसता.

असे महिनोन् महिने वाचले की वाचक पात्रांवर हक्क सांगू लागतो. बिशपची बायको मिसेस प्राउडी ही मोठी खाष्ट बाई. नवऱ्याचा सगळा कारभार तीच हाकी. ट्रॉलप एकदा लंडनच्या अथेनियम क्लबात लिहीत बसला असता दोन धर्मोपदेशक मासिक हाती घेऊन कुरकुरताना त्याच्या कानी पडले. हा लेखक तीच तीच माणसे पुन्हा पुन्हा आणतो, आणि ही बाई तर अगदी नको झाली, असा त्यांचा सूर. ट्रॉलप उठून त्यांच्यापाशी गेला, आपली ओळख सांगितली आणि म्हणाला, घरी जाऊन आठवड्याच्या आत तिला मारतो! आणि खरोखरच मारले. मागाहून मात्र तिची आठवण आपल्याला सोडत नाही, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले.

लिली डेलच्या बाबतीत मात्र त्याने कोणाचे ऐकले नाही. लग्न ठरल्यावर तिच्या वराने एका सरदारकन्येसाठी तिला सोडून दिले. गावातला जॉनी तिच्यावर मनापासून प्रेम करणारा. त्याच्याशी तिचे लग्न लावून द्या, अशी वाचकांची पत्रे वर्षानुवर्षे येत राहिली. शेवटच्या कादंबरीत, सहा पेन्सच्या बत्तीस साप्ताहिक भागांत, वाचकांनी पुन्हा वाट पाहिली. लिली पुन्हा 'नाही'च म्हणाली. वाचकांना चुटपुट लागली. पण एका बाईचा नकार हासुद्धा विचारांती घेतलेला निर्णय असतो, हे त्यांना मुकाट्याने मान्य करावे लागले. कोणी व्याख्यान देऊन ही गोष्ट इतकी मनात भरवली नसती.

आपल्याकडेही हे घडले आहे. १८९० साली हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यातूनच क्रमशः आली. यमूचे दुःख दर आठवड्याला थोडेथोडे घरात येत गेले, म्हणून ते परके राहिले नाही.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात एखादी मोठी गोष्ट हाती घ्याल तेव्हा ती घाईने उरकू नका. शनिवारी एक प्रकरण मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात पुस्तक मिटा. 'पुढं काय झालं, गुरुजी?' असं मुलं विचारतील. लगेच सांगू नका. 'तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतं?' एवढंच विचारा, आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्यांना विचार करू द्या.