घर विकायला काढताय? रंगाचा डबा नंतर, आधी कागदांची फाईल उघडा

सिडकोतलं किंवा गारखेड्यातलं एखादं घर बघायला माणसं येतात. दाराला नवा रंग, हॉलमध्ये नवे पडदे, टीपॉयवर फुलदाणी. घरमालक उत्साहाने किचन ट्रॉली उघडून दाखवतात. बघायला आलेल्या काकू मात्र सरळ बाथरूममध्ये जातात, नळ सोडतात आणि विचारतात, "पाणी किती दिवसाला येतं हो?" काका दुसरा प्रश्न टाकतात, "यावर लोन होईल ना?"

छत्रपती संभाजीनगरमध्ये घर विकणाऱ्याची खरी परीक्षा या दोन प्रश्नांत असते.

विकण्याआधी घर सजवण्याला जगभर 'होम स्टेजिंग' म्हणतात. अमेरिकेतल्या बार्ब श्वार्झ या रिअल इस्टेट एजंटने १९७० च्या दशकात ही कल्पना रुजवली. अडगळ काढा, घर उजळ करा, बघणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसू द्या, असं तिचं साधं तत्त्व. आता इन्स्टाग्रामवर याचे शेकडो रील्स सापडतात. ते टिप्स चुकीचे नाहीत. पण आपल्याकडे त्यांचा नंबर दुसरा लागतो. पहिला कशाचा, ते समजून घेऊ.

कागद आधी का?

बहुतेक लोक घर कर्ज काढून घेतात. म्हणजे तुमचं घर दोघं तपासतात, एक ग्राहक आणि दुसरी त्याची बँक. बँकेचा वकील मालकीची साखळी बघतो. व्हॅल्युअर मंजूर नकाशा घेऊन येतो आणि बांधकाम त्याच्याशी जुळवून बघतो. परवानगी नसलेला मजला तुमच्यासाठी चार खोल्या असतो, बँक मात्र बहुतेक वेळा तो मूल्यांकनात धरत नाही.

बँकेने नकार दिला की उरतो फक्त रोख पैसे असलेला ग्राहक. असे ग्राहक मोजके असतात आणि घराची अडचण ओळखूनच भाव पाडून मागतात. म्हणजे रंगकामाने जी किंमत वाढेल असं वाटतं, त्याहून कितीतरी जास्त किंमत एका अपुऱ्या कागदामुळे कमी होऊ शकते.

तुमचं घर कोणत्या प्रकारात बसतं?

आपल्या शहरात सगळ्या घरांची फाईल सारखी नसते. म्हणून आधी स्वतःचा प्रकार ओळखा.

सिडकोची घरं: १९७० च्या दशकापासून सिडकोने 'एन' क्रमांकाच्या वसाहती उभ्या केल्या. इथली घरं आणि भूखंड मुळात लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्यावर दिलेले आहेत. त्यामुळे विक्रीआधी हस्तांतरणाची परवानगी आणि त्याचं शुल्क हा विषय येतोच. तुमच्या घराची आजची नोंद काय आहे, किती रक्कम भरावी लागेल, हे सिडको कार्यालयातून लेखी घ्या. मूळच्या छोट्या घरावर मजले चढवले असतील, तर त्यांची परवानगीही शोधून ठेवा.

गुंठेवारीतली घरं: एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे तुकडे करून, अनेकदा नुसत्या बाँड पेपरवर, विकलेल्या जागांवर शहरातल्या कितीतरी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारी कायदा आला. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं पात्र ठरली. तुमचं घर नियमित झालं असेल, तर महापालिकेचं ते प्रमाणपत्र फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. झालं नसेल, तर विक्रीची जाहिरात टाकण्याआधी महापालिकेत चौकशी करा. आणि बाँड पेपर म्हणजे खरेदीखत नव्हे. मालकी बदलते ती नोंदणीकृत खरेदीखताने.

फ्लॅट: सोसायटी नोंदणीकृत आहे की अपार्टमेंट कायद्याखाली 'डीड ऑफ अपार्टमेंट' झालेलं आहे, हे तपासा. सोसायटी असेल तर देखभाल खर्च चुकता केल्याचं पत्र घ्या. हस्तांतरणासाठी सोसायटीने मनाला येईल तेवढे पैसे मागायचे नसतात. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे.

प्रकार कुठलाही असो, पुढचे कागद सगळ्यांना लागतात: आधीची सगळी खरेदीखतं, इंडेक्स-२, पीआर कार्ड किंवा सातबारा, मंजूर नकाशा, असल्यास भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची चालू पावती आणि लाईट बिल. या सगळ्यांवर नाव एकसारखं आहे का, तेही बघा.

जुन्या कागदांवर 'औरंगाबाद' लिहिलंय म्हणून घाबरू नका. शहराच्या नामांतराला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली. त्याआधीचे दस्त जुन्याच नावाने असणार आणि त्यामुळे ते रद्द होत नाहीत.

घरावर कर्ज होतं आणि ते फेडलंय? मग मूळ कागद परत आणा आणि बोजा कमी केल्याची नोंद करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पूर्ण कर्ज फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

सगळ्यांच्या सह्या होणार आहेत का?

ठरलेले व्यवहार इथे हमखास अडतात. घर वडिलांच्या नावावर, वडील गेलेले, राहतो धाकटा भाऊ, विकायचं ठरवलं दोन्ही भावांनी. पुण्यात किंवा जालन्यात असलेल्या बहिणीला कुणी विचारलेलंच नसतं.

हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या घरात मुलगा, मुलगी आणि आई अशा सगळ्यांचा हक्क असतो. 'ताईचं काही म्हणणं नाही' हे तोंडी चालत नाही. ताईने खरेदीखतावर सही करायची किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायचं. तिला तिचा वाटा हवा असेल, तर तो तिचा अधिकार आहे. हे बोलणं ग्राहक दारात येण्याआधी घरातल्या घरात करा. इसार घेतल्यावर हा विषय निघाला, तर व्यवहारही मोडतो आणि नातंही.

पाण्याचं उत्तर तयार ठेवा

शहराला पाणी येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून. धरण भरलेलं असलं तरी नळाला रोज पाणी नाही, हा अनुभव इथल्या माणसाला वर्षानुवर्षांचा आहे. नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. पण घर घेणारा माणूस योजनेवर नाही, हौदावर विश्वास ठेवतो.

म्हणून 'पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही' असं गुळमुळीत उत्तर देऊ नका. नळाला किती दिवसांनी आणि किती वेळ पाणी येतं, हौद किती लिटरचा, गच्चीवरची टाकी किती, बोअरला मे महिन्यात पाणी असतं का, टँकर लागतो का आणि महिन्याचा खर्च किती, हे एका कागदावर लिहून ठेवा. हौद धुवून घ्या, मोटर दुरुस्त करा, गळके नळ बदला. सातारा-देवळाईसारख्या भागात, जिथे टँकरची सवय जुनी आहे, तिथे हा कागद ग्राहकाला पडद्यांपेक्षा जास्त पटतो.

रंग द्या, पण ओल झाकू नका

आता येऊ सजावटीकडे. आधी सामान कमी करा. माळ्यावरच्या गाद्या, गॅलरीतले डबे, बिघडलेला कूलर काढा. खोली मोठी दिसायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही. काचा पुसा, बंद दिवे बदला, दार-खिडक्यांच्या कड्या नीट लावा. फिकट रंगाचा एक हात पुरतो. महागडं फर्निचर करून घेऊ नका, कारण तुमची आवड पुढच्याची असेलच असं नाही.

ओल असेल, तर आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि पाइपची दुरुस्ती करा, रंग त्यानंतर. पोपड्यांवर पुट्टी मारून घर दाखवणारे अनेक जण आहेत. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याला माहीत असलेला आणि ग्राहकाला साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पहिल्या पावसात भिंत फुगली की झाकलेली गोष्ट उघडी पडते. त्यापेक्षा 'इथे गळत होतं, हे काम केलं, हे बिल' असं सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात.

जाहिरात कशी टाकायची?

फोटो सकाळी काढा, आडवे काढा. हॉल, किचन, बाथरूम, गच्ची, समोरचा रस्ता आणि हौद सगळं दाखवा. क्षेत्रफळ लिहिताना कार्पेट की बिल्टअप ते स्पष्ट करा. शहराचं जुनं आणि नवं दोन्ही नाव टाका, लोक दोन्ही नावांनी शोधतात. कर्ज होत असेल तर तेही लिहा.

काय टाकू नका? खरेदीखताचा फोटो, आधार कार्ड, दागिने-कपाटं दिसणारे फोटो. आणि 'टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावाच लागत नाही.

वेळही बघा. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीला लोक घर बघतात. पितृपक्षात अनेक जण व्यवहार टाळतात. तो पंधरवडा दुरुस्तीला वापरा.

पैसे घेताना काय लक्षात ठेवायचं?

इसार किंवा टोकन रोखीत २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त घेऊ नका. आयकर कायद्यात त्यावर दंड आहे. किंमत ५० लाख किंवा त्यापुढे असेल, तर ग्राहक १ टक्का टीडीएस कापतो. ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली का ते बघा. घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल, तर नफा दीर्घकालीन धरला जातो आणि त्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी महागाई निर्देशांक लावून २० टक्के हा हिशेबही करता येतो. दोन्हींत कमी कर कुठला, ते सीएकडून काढून घ्या. वर चढवलेला मजला किंवा बोअर अशा कायमच्या कामांची बिलं असतील तर तीही द्या.

मग सुरुवात कुठून?

पहिल्या आठवड्यात फाईल लावा. दुसऱ्या आठवड्यात भावंडांशी बोला आणि अडलेल्या कागदांचे अर्ज द्या. मग गळती, नळ, हौद. शेवटी रंग, आवराआवर आणि फोटो. कार्यालयांतले कागद यायला वेळ लागतो, म्हणून त्यांचा नंबर पहिला. रंगारी चार दिवसांत काम उरकतो.

मग काकूंनी नळ सोडू दे आणि काकांनी लोनचं विचारू दे. तुम्ही पाण्याचा कागद पुढे करा आणि फाईल टीपॉयवर ठेवा. फुलदाणी थोडी बाजूला सरकवावी लागेल, एवढंच.