बेळगाव ते बेळगावी: साडेबावीस तास

शनिवार, 1 नोव्हेंबर 2014. सकाळी 8 वाजून 40 मिनिटांनी एका स्मरणिकेच्या 500 प्रती रद्दीत काढाव्या लागणार हे नक्की झाले. छपाई स्वच्छ होती, कागद चांगला होता, पिनाही सरळ बसल्या होत्या. चूक साडेबावीस तास आधी सुरू झाली होती, आणि ती माझी होती.

शुक्रवार, 31 ऑक्टोबर, सकाळी 10.10

बंगळूरमधले यशवंतपूर. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत माझी अक्षरजुळणीची खोली. एक संगणक, एक प्रिंटर, आणि खिडकीतून दिसणारा मेट्रोचा पूल. फोन वाजतो. एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेचे संपादक बोलत असतात. दिवाळीला बेळगावला गेलेले, अजून तिथेच आहेत.

"अरे, उद्यापासून गावांची नावं बदलतायत. आपलं प्रकाशन नेमकं उद्याच. पाहुणे सरकारी आहेत. सगळीकडे नवी नावं घालून टाक."

"टाकतो."

अंक तयार आहे. 64 पाने, 41 वर्ड फायली, दोन प्रुफे वाचून झालेली. छापखान्याला अंतिम पीडीएफ रात्री साडेबारापर्यंत हवी. फोन एका मिनिटात संपतो. 'सगळीकडे' म्हणजे कुठे कुठे, हे मी विचारत नाही.

10.45

कर्नाटकातल्या 12 शहरांची यादी वर्तमानपत्रातून उतरवून घेतो. सुवर्ण कर्नाटक वर्षाच्या निमित्ताने कन्नड लेखक यू. आर. अनंतमूर्तींनी मांडलेली ही कल्पना केंद्राची मंजुरी मिळून आता अमलात येते आहे. अनंतमूर्ती 22 ऑगस्टला गेले. बंगळूरचे बंगळुरू, म्हैसूरचे म्हैसूरु, बेळगावचे बेळगावी, विजापूरचे विजयपुरा, हुबळीचे हुब्बळ्ळी. राज्योत्सवाच्या दिवशी, रात्री बाराच्या ठोक्याला.

41 फायली गुणिले 12 नावे. हाताने 'शोधा आणि बदला' करायचे तर 492 वेळा. हे काम आपोआप करणारा मॅक्रो लिहायचा ठरवतो.

दुपारी 12.20

मॅक्रोच्या खिडकीत 'बेळगाव' टाइप करतो. पडद्यावर सहा प्रश्नचिन्हे उमटतात. ही खिडकी युनिकोड रुळण्याच्या आधीच्या जमान्यातली, तिला देवनागरी कळत नाही.

वाट सापडते. नावे मॅक्रोत न लिहिता एका वेगळ्या वर्ड फायलीतल्या तक्त्यात लिहायची: डावीकडे जुने, उजवीकडे नवे. मॅक्रोने तिथून वाचायचे. हे जमले याचा आनंद मोठा. जे यंत्र हे शब्द नीट दाखवूही शकत नाही, त्याच्या हाती ते सोपवतो आहोत, हा विचार त्या आनंदात येत नाही.

1.35

मॅक्रो तयार. फोल्डर उघड, पहिली फाइल उघड, बारा नावे बदल, साठव, बंद कर, पुढची उघड. फक्त मुख्य मजकुरात शोधतो. पानाच्या डोक्यावरची शीर्षपट्टी हा वेगळा थर आहे, त्यासाठी आणखी ओळी लिहाव्या लागतील. 'शीर्षपट्ट्या हाताने करू,' असे चिठ्ठीवर लिहितो. चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवतो.

2.15

एक खूण करायची की नाही: 'फक्त पूर्ण शब्द'. केली तर 'बेळगावला', 'बेळगावचा', 'बेळगावहून' यातले काहीच बदलणार नाही, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. खूण करत नाही.

म्हणजे आता 'बेळगाव' ही अक्षरे जिथे असतील तिथे बदलतील. आडनावातसुद्धा.

2.40

चाचणी. एक फाइल निवडतो, सगळ्यात लहान: अध्यक्षांचे मनोगत. त्यात नऊ ठिकाणी बदल होतात. 'बेळगावला' चे 'बेळगावीला', 'म्हैसूरचे' चे 'म्हैसूरुचे'. नऊही बरोबर.

मनोगतात 'बेळगावात' हा शब्द एकदाही नाही. असता तर 'बेळगावी' च्या वेलांटीला 'आत' चा काना चिकटलेला तेव्हाच दिसला असता.

2.55

फोल्डरची प्रत काढून ठेवावी. पेन ड्राइव्हवर जागा नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका आहे. लेखकांनी पाठवलेले मूळ लेख ईमेलमध्ये आहेतच, असे स्वतःला सांगतो. पण दोन प्रुफांच्या दुरुस्त्या त्या मूळ लेखांत नाहीत. त्या फक्त याच 41 फायलींत आहेत.

3.05

मॅक्रो चालवतो. 2 मिनिटे 10 सेकंद. फायली उघडतात, मिटतात. शेवटी मीच लिहून ठेवलेला संदेश येतो: 'काम झाले'. किती ठिकाणी बदल झाला, हे तो सांगत नाही. मी तसे लिहिलेले नव्हते. फायली साठवून बंद झाल्या आहेत, त्यामुळे मागे जाण्याचे बटण आता उपयोगाचे नाही.

4.30

चहा घेऊन एक फाइल सहज उघडतो. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांवरचा लेख, कोल्हापुरातून 'ग्रंथमाला' चालवणारे ते. लेखात एकही नाव बदललेले नाही. कारण लगेच कळते. हा लेख जुन्या फाँटात टाइप केलेला आहे. डोळ्यांना मराठी दिसते, संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची रांग. तिथे 'विजापूर' नाहीच.

अशा 13 फायली निघतात. बाकीच्या 28 युनिकोडमध्ये आहेत.

बदल न झालेल्या फायली सापडल्या. बदल झालेल्या 28 फायली उघडून पाहाव्यात, असे मनात येत नाही.

4.50 ते रात्री 9.05

13 फायलींचे युनिकोडमध्ये रूपांतर. जोडाक्षरे फुटतात, रफार जागा सोडतो. एकेक ओळ हाताने सारखी करतो. या सव्वाचार तासांत त्या 13 फायली मी बारकाईने वाचतो. अंकातल्या सगळ्यात निर्दोष फायली त्याच.

9.20

13 फायली मूळ फोल्डरमध्ये परत ठेवतो. आता मॅक्रो पुन्हा चालवायचा. त्यांच्यासाठी वेगळे फोल्डर करायला दहा सेकंद लागले असते. पण ज्या फायलींत नावे आधीच बदलली आहेत, तिथे मॅक्रोला जुने नाव सापडणारच नाही, मग बिघडणार काय, असा हिशेब करतो.

बारापैकी दहा नावांच्या बाबतीत हा हिशेब बरोबर आहे. 'हुब्बळ्ळी' मध्ये 'हुबळी' सापडत नाही. 'विजयपुरा' मध्ये 'विजापूर' सापडत नाही.

'बेळगावी' मध्ये 'बेळगाव' सापडते. 'म्हैसूरु' मध्ये 'म्हैसूर' सापडते.

मॅक्रो चालवतो.

9.23

'काम झाले'.

28 फायलींत बेळगावीला दुसरी वेलांटी लागली आहे. म्हैसूरुला दुसरा उकार.

10.05

मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंचा फोन. "पुन्हा एकदा बघू का? पीडीएफ कधी होईल?"

"बारा वाजतील."

"नुसती नावंच बदललीत ना?"

"नुसती नावंच."

"मग राहू दे. उद्या कार्यक्रमाला भेटू."

11.50

पाने जुळवून होतात. नवी नावे लांब, त्यामुळे मजकूर 65 व्या पानावर सांडतो. ओळींमधले अंतर किंचित कमी करून 64 वर आणतो. आता फक्त पानांचे तळ पाहतो आहे.

17 व्या पानावर तळाच्या ओळीत एका शब्दात ठिपक्यांचे छोटे पोकळ वर्तुळ दिसते. ज्या मात्रेला टेकायला अक्षर मिळत नाही, तिच्याखाली संगणक असे वर्तुळ काढतो. मला हे माहीत आहे. गेल्या वर्षी असेच एक पडद्यावर दिसले होते आणि कागदावर आले नव्हते. पान पुढे सरकवतो.

शनिवार, 1 नोव्हेंबर, 00.00

नवी नावे अमलात येतात.

00.25

पीडीएफ पाठवतो. फायलीच्या नावात 'अंतिम' हा शब्द आहे. वेळेच्या पाच मिनिटे आधी. चिठ्ठी पडद्याच्या कडेलाच आहे. दिवा मालवतो.

1.40

राजाजीनगरातल्या छापखान्यात यंत्र सुरू होते. 16 पानांचा एक, असे चार फर्मे. आठ प्लेटा.

2.50

दुसरा फर्मा. मशीनमनला मराठी वाचता येत नाही, तो कन्नड वाचतो. तो शाईची घनता आणि कडा पाहतो. 17 व्या पानावर त्याचे बोट थांबते. अक्षरांत वर्तुळे आहेत. एका पानावर इतकी तर असूच नयेत. यंत्र थांबवून तो मला फोन लावतो. फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला आहे.

2.56

पुन्हा एकदा. 

3.05

फायलीवर 'अंतिम' लिहिले आहे आणि प्रती सकाळी नऊला न्यायच्या आहेत. तो यंत्र पुन्हा सुरू करतो.

6.20

चौथा फर्मा पूर्ण. घड्या, पिना, कटाई. शंभराचे पाच गठ्ठे.

7.30

उठतो. दोन मिस्ड कॉल. परत फोन लावतो, तो ड्यूटी संपवून घरी गेलेला, उचलत नाही. पैशांबद्दल असेल असे वाटते.

8.40

छापखाना. संपादक रात्रीच्या गाडीने येऊन यशवंतपूरला उतरले आणि बॅगेसकट थेट इकडेच आले. वरची प्रत उचलतात. 17 वे पान उघडतात, त्यांचा स्वतःचा लेख: डिसेंबर 1924 मधले काँग्रेस अधिवेशन, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असे एकमेव. पहिली ओळ वाचायला सुरुवात करतात. '1924 साली बेळगावीीात' इथे त्यांचे ओठ थांबतात. पुन्हा पहिल्यापासून वाचतात. पुन्हा तिथेच थांबतात.

"हे वाचायचं कसं?"

मी प्रत हातात घेतो. सभासद सूची उघडतो. आडनावे अकारविल्हे लावलेली आहेत. बेळगावकर नावाचे कुणी त्यात उरलेले नाही. विजापूरकरांवरचा लेख एकदाच मॅक्रोखालून गेला, म्हणून तिथे दुहेरी मात्रा नाही, शब्द सफाईने वाचता येतो: 'प्राध्यापक विजयपुराकर'. जाहिरातीत मिठाई आहे, म्हैसूरुु पाक.

9.10

गठ्ठे न बांधता भिंतीशी लावले जातात. कार्यक्रम अकराला. संपादक फोनवर कुणाला तरी सांगत असतात की प्रकाशन पुढे ढकलू.

मी 17 वे पान पुन्हा पाहतो. डोक्यावरच्या शीर्षपट्टीत मॅक्रो गेला नव्हता, आणि चिठ्ठी मी विसरलो होतो. लेखाचे नाव तिथे लेखकाने दिले होते तसेच छापून आले होते, पाचशेच्या पाचशे प्रतींत. बेळगाव, 1924.