बर्फावरचा सट्टा आणि शंभर वर्षांचा हिशेब

जानेवारीत दोन दिवस पारा खाली गेला की आपल्याकडे एक ठरलेला मेसेज फिरतो, "कुठे गेलं ते ग्लोबल वॉर्मिंग?" आणि एप्रिलमध्ये विदर्भात पंचेचाळीसच्या वर गेला की दुसरा, "बघा, म्हणत नव्हतो?" मला विचाराल तर दोन्ही मेसेज सारखेच कच्चे आहेत. दोन दिवसांवरून किंवा एका मोसमावरून हवामान बदललं की नाही ते कळत नाही. मग कळतं कशावरून? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात झकास उदाहरण एका सट्ट्यातलं आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

अलास्काच्या मधल्या भागात टॅनाना नदीच्या काठावर नेनाना नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम काहीशे माणसांची. हिवाळ्यात उणे चाळीस म्हणजे तिथे बातमी नाही. १९२५ च्या जानेवारीत नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध रेल्वेने नेनानापर्यंत आलं आणि तिथून पुढे कुत्र्यांच्या गाड्यांनी गेलं, ते हेच गाव.

१९१७ साली तिथे रेल्वेचं काम चालू होतं. नदी गोठलेली, बर्फ फुटून बोटी सुरू होईपर्यंत वाट बघत बसायचं. रिकाम्या वेळेत माणूस काय करतो? पैज लावतो. रेल्वेच्या लोकांनी ८०० डॉलर जमवले आणि बर्फ नक्की कधी फुटणार यावर पैज लागली. बर्फ फुटला ३० एप्रिलला सकाळी साडेअकराला. तेव्हापासून हा खेळ दर वर्षी चालू आहे आणि बक्षीस आता लाखो डॉलरांत जातं. आपल्याकडचा मटका न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून सुरू झाला, यांचा नदीवरून. माणसाची जात एकच!

पद्धत साधी आहे. गोठलेल्या नदीवर एक लाकडी सांगाडा उभा करतात. नावाला 'ट्रायपॉड', पण पाय चार. त्याला बांधलेली तार किनाऱ्यावरच्या घड्याळाला जोडलेली असते. बर्फ सुटला, सांगाडा वाहत निघाला, तार ओढली गेली की घड्याळ बंद. ती वेळ अधिकृत. महिना, तारीख, तास, मिनिट ज्याचं जुळलं तो जिंकला.

आता यात हवामानशास्त्र कुठे आलं? मुद्दा असा, की एकाच नदीवर, एकाच जागी, एकाच रीतीने दर वसंतात मिनिटापर्यंत अचूक नोंद होत गेली. आणि हजारो लोकांचे पैसे अडकलेले, त्यामुळे कुणी अंदाजपंचे तारीख टाकायची सोय नाही. २००१ मध्ये राफे सॅगारिन आणि फिओरेन्झा मिशेली या दोन जीवशास्त्रज्ञांनी या नोंदी 'सायन्स' या नियतकालिकात मांडल्या. १९१७ ते २००० या काळात बर्फ फुटण्याचा दिवस सुमारे साडेपाच दिवस अलीकडे आला होता.

साडेपाच दिवस ऐकायला किरकोळ वाटतं, आणि इथेच खरी गंमत आहे. बर्फ फुटायची तारीख दर वर्षी यापेक्षा कितीतरी जास्त हलते. सगळ्यात उशिराची नोंद २० मे २०१३ ची, आणि सगळ्यात लवकरची १४ एप्रिल २०१९ ची. दोन्ही विक्रम सहा वर्षांच्या आत! २०१३ च्या मे महिन्यात नेनानात उभं राहून कुणी "कुठे गेलं वॉर्मिंग?" विचारलं असतं तर त्याच्याकडे शंभर वर्षांतला सगळ्यात भक्कम पुरावा होता. सहा वर्षांनी दुसऱ्या बाजूकडे तसाच पुरावा आला. १९४० मध्येही बर्फ २० एप्रिललाच फुटला होता, हेही शंका काढणारे आवर्जून सांगतात. खरंच आहे ते.

मग या गोंधळातून कल काढायचा कसा? संख्याशास्त्रज्ञांची एक रीत मला फार आवडते, कारण ती कागद-पेन्सिलने करता येते. शंभर वर्षांच्या तारखा घ्या आणि प्रत्येक वर्षाची नंतरच्या प्रत्येक वर्षाशी जोडी लावा. ४,९५० जोड्या होतात. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न: नंतरच्या वर्षी बर्फ आधी फुटला की उशिरा? काहीच बदललेलं नसेल तर कौल साधारण निम्मा-निम्मा पडेल. एका बाजूला बराच झुकला, तर तो नुसत्या योगायोगाने इतका झुकण्याची शक्यता किती, ते गणिताने काढता येतं. ही मॅन आणि केंडॉल यांची चाचणी.

बदल आहे हे कळलं, पण किती? त्यासाठी प्रत्येक जोडीवरून दर वर्षीचा फरक काढायचा, सगळे फरक चढत्या क्रमाने मांडायचे आणि बरोबर मधला उचलायचा. १९६८ मध्ये ही रीत नीट मांडून दिली प्रणबकुमार सेन यांनी. कोलकाता विद्यापीठात शिकलेला माणूस, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात प्राध्यापक. हिचा फायदा असा, की २०१३ सारखं एखादं विक्षिप्त वर्ष सगळा हिशेब ओढून नेऊ शकत नाही. जगभर तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदींवर आज ही रीत सर्रास वापरतात. आपल्याकडे तिचं नाव किती जणांनी ऐकलंय?

अजून एक बारीक भानगड आहे, ती कॅलेंडरची. लीप वर्षांमुळे विषुवदिन मागेपुढे सरकतो, आणि १९०१ ते २००० या काळात तो एकंदर पाऊण दिवस अलीकडे आला. म्हणजे नदी जागची हलली नाही तरी कॅलेंडरवर वसंत थोडा लवकर आल्यासारखा दिसणार. सॅगारिननेच 'नेचर'मध्ये हे दाखवून दिलं आणि म्हणून तारखा विषुवदिनापासून मोजा म्हणाला. आपल्याच बाजूचा खोटा पुरावा आपणच काढून टाकायचा, याला मी शास्त्र म्हणतो.

आता अवघड भाग. अलास्काचं तापमान सरळ रेषेत चढलेलंच नाही. १९७६ च्या सुमाराला तिथे एकदम उडी दिसते. पॅसिफिक महासागराची दशकानुदशकं चालणारी एक हेलकाव्याची चाल आहे. साधारण १९२५ ते १९४६ उबदार, मग १९७६ पर्यंत थंड, नंतर परत उबदार. पाळी बदलली की दक्षिणेकडची ऊबदार, दमट हवा अलास्कात जास्त घुसते. १९४० चा लवकर फुटलेला बर्फ पहिल्या उबदार पाळीतला, आणि १९६४ चा २० मेपर्यंत टिकलेला बर्फ थंड पाळीतला. हार्टमन आणि वेंडलर यांनी २००५ मध्ये दाखवलं, की १९५१ ते २००१ चा चढ बराचसा या एका उडीतच आहे; आधीचा आणि नंतरचा काळ वेगळा घेतला तर फारसा चढ उरत नाही. ही गोष्ट झाकून जो नुसती तिरकी रेघ दाखवतो तो फसवतोय, मग तो माझ्या बाजूचा का असेना.

पण उडी दाखवून "बघा, सगळं नैसर्गिकच" म्हणणाराही अर्धंच सांगतो. त्यासाठी एका हेलकाव्यापेक्षा लांब नोंद लागते. शेजारच्या फेअरबँक्सची शंभर वर्षांची नोंद वेंडलर आणि शुल्स्की यांनी तपासली, १९०६ ते २००६. त्यात उबदार, थंड आणि परत उबदार अशा तिन्ही पाळ्या येतात. तरीही वर्षाचं सरासरी तापमान १.४ अंशांनी वाढलेलं निघालं, आणि दहिवर न पडण्याचा सलग काळ ८५ दिवसांवरून १२३ दिवसांवर गेला. शहर वाढलं म्हणून थोडी ऊब वाढते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नेनानाच्या वहीला मोल आहे, ते गाव अजून गावच आहे. आणि २०१९ मध्ये, त्या १४ एप्रिलच्याच वर्षी, अख्ख्या अलास्काचं वार्षिक सरासरी तापमान नोंदी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा गोठणबिंदूच्या वर गेलं.

तिथल्या माणसांना हे आकडे लांबचे नाहीत. अलास्कातल्या कित्येक खेड्यांना रस्ताच नाही. हिवाळ्यात गोठलेली नदी हाच रस्ता, तिच्यावरून सरपण, किराणा, शिकार, पाहुणे. बर्फ पातळ असताना गाडी घालणारा माणूस परत येईलच असं नाही. "माझ्या आजोबांच्या वेळी या तारखेला नदी धरायची" या माहितीवर आता विसंबता येत नाही, हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे.

एक विनंती. तुमच्या घरात किंवा गावात कुणाकडे अशी जुनी वही आहे का? पहिल्या पावसाची तारीख, विहीर आटल्याचा दिवस, आंब्याला मोहर आल्याची नोंद, काहीही. चाळीस-पन्नास वर्षं सलग आणि एकाच जागची असेल तर फार उत्तम, मधली काही वर्षं गाळलेली असली तरी चालेल. कुणी लिहिली आणि किती सालापासून, एवढं खाली सांगा. जोड्या लावायचं काम माझं.