मधुमेह्याची वही

जुनाट रोगांचा इतिहास बहुधा वैद्यांच्या बाजूनें लिहिला जातो. मधुमेहाच्या इतिहासांत १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं लाविलेला इन्सुलिनचा शोध येतो, १९२२ च्या जानेवारींत एका मुलास टोचलेली पहिली सुई येते. पण त्यानंतर वर्षानुवर्षें रोग्यानें घरीं काय केलें, हें त्यांत क्वचितच येतें. त्यानें मुख्यतः एक वही ठेविली. आज वहीची जागा मोबाइलवरील अ‍ॅपनें घेतली आहे, आणि तें अ‍ॅप लोक कसें वापरतात हें समजावयाचें तर आधीं वहीकडेच वळलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

बॉस्टनच्या डॉ. जॉस्लिन यांनीं १९१८ सालीं डॉक्टर व रोगी या दोघांच्याही उपयोगाचें एक पुस्तक काढलें. आपली लघवी आपणच तपासावी, ही त्यांची शिकवण. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणांत लघवीचे थेंब टाकून तें तापवावयाचें. निळें राहिलें तर ठीक, हिरवें-पिवळें होत विटकरी झालें तर साखर फार. हा रंग वहींत टिपावयाचा व वही डॉक्टरांपुढें ठेवावयाची. पण रंग सांगे ती कांहीं तासांपूर्वींची गोष्ट. रक्तांत ह्या क्षणीं काय चाललें आहे, हें रोग्यास कळत नसे.

रक्तांतील साखर मोजणारें सुटसुटीत यंत्र अमेरिकेंत १९७० च्या सुमारास आलें, पण तें विकत मिळे डॉक्टरांस. लहानपणापासून मधुमेही असलेल्या रिचर्ड बर्नस्टाइन या इंजिनिअरनें तें आपल्या डॉक्टर पत्नीच्या नांवें मिळविलें, दिवसांतून अनेकदा बोट टोचून रक्त मोजलें, आणि त्याप्रमाणें आहार व इन्सुलिन बदललें. त्याचें लिखाण वैद्यकीय नियतकालिकें छापीनात. तेव्हां चाळिशी उलटल्यावर तो वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाला व डॉक्टर होऊनच बाहेर पडला! स्वतःच्या रक्ताविषयीं बोलण्यासही पदवी लागावी, ही गोष्ट आम्हां प्राध्यापकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पुढें यंत्र घरोघर गेलें. १९८४ सालीं अमेरिकेंत एक मार्मिक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोग्यांस न कळवितां त्यांच्या यंत्रांत आंकडे साठविण्याची सोय केली होती. वह्यांशीं ताडून पाहतां, मोजलेले कित्येक आंकडे वह्यांतून गळलेले आढळले, आणि कधींच न मोजलेले आंकडे मात्र व्यवस्थित मांडलेले होते. यास लबाडी म्हणणें सोपें आहे. आम्हांस तें पटत नाहीं. ज्या वहीवर कोणीतरी लाल पेन्सिल फिरविणार, ती वही नटविली जातेच. अशा वह्या आम्ही जन्मभर तपाशीत आलों आहों. चूक लिहिणाऱ्याची कीं पेन्सिलीची, हा प्रश्न उरतो.

आणि आंकडे तर प्राणांशीं निगडित. साखर काटेकोर आवरली तर डोळे व मूत्रपिंडें वांचतात, हें १९९३ सालीं मोठ्या प्रयोगानें सिद्ध झालें. त्याच प्रयोगांत साखर एकाएकीं घसरून रोगी निपचित पडण्याचे प्रसंग तिपटीच्या घरांत गेले. अशा घसरणींत भय असतें तें रात्रीचें.

आतां त्वचेखालील सेन्सर दर पांच मिनिटांनीं आंकडा फोनवर धाडतो. वही नटविण्याची सोय संपली. कित्येकजण थोड्याच दिवसांत अ‍ॅप उघडणेंच सोडतात. त्यांस आम्ही आळशी म्हणणार नाहीं. पण दुसरे कांहींजण उलट वाटेनें गेले. न्यूयॉर्क राज्यांतील जॉन कॉस्टिक या पित्यानें २०१३ सालीं आपल्या लहानग्याचे आंकडे कंपनीच्या यंत्रांतून सोडवून इंटरनेटवर आणले, कीं कामावर असतांही ते दिसावेत. त्यांतून नाइटस्काउट ही योजना उभी राहिली व इतर आईबापांनीं ती फुकट उचलली. सिअ‍ॅटल येथील डेना लुइस हिला सेन्सरच्या घंटेनें जाग येत नसे. तिनें आधीं मोठी घंटा जुळविली, आणि २०१५ सालीं इन्सुलिनचा पंप आपोआप आवरणाऱ्या रचनेचा आराखडा सहकाऱ्यांसह सर्वांस खुला केला.

२०२३ च्या जानेवारींत अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनीं टाइडपूल लूप या अ‍ॅपला मान्यता दिली. तें रोगी व त्यांचे आप्त यांनीं घरीं रचलेल्या ‘लूप’ या अ‍ॅपपासून निघालें होतें, आणि पुराव्यादाखल जी माहिती सादर झाली तींत तें घरगुती अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या नोंदी होत्या.