चर्मपूरित प्राणिसंग्रह, कोल्हापूर
कोल्हापूर येथील नवीन राजवाड्याच्या तळमजल्यावरील छत्रपती शहाजी वस्तुसंग्रहालयात जतन केलेला प्राण्यांच्या अवशेषांचा संग्रह. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७–८४ या काळात काळ्या दगडात बांधलेल्या या वास्तूत शस्त्रे, पोशाख, छायाचित्रे यांबरोबरच वाघ, अस्वल, रानकुत्री, रानडुक्कर, हरिणे व काळा बिबळ्या यांचे पेंढा भरलेले देह व शिरे मांडलेली आहेत. (काळा बिबळ्या ही निराळी जाती नव्हे, कृष्णरंजकाच्या आधिक्यामुळे काळा दिसणारा तो बिबळ्याच होय.) पाय, कवट्या व मणके यांपासून केलेली मेजे, रक्षापात्रे, हातकाठ्या यांसारख्या वस्तूही तेथे आहेत. छत्रपती शहाजी महाराज (मृत्यू १९८३) यांच्या शिकारीच्या छायाचित्रांशेजारी हे देह पाहताना प्रेक्षकाच्या मनात कौतुक व अस्वस्थता एकदमच निर्माण होतात.

‘पेंढा भरणे’ हा रूढ शब्दप्रयोग या कलेला न्याय देणारा नाही. जुन्या काळी कातड्यात खरोखरच गवत वा भुसा कोंबीत, त्यामुळे प्राणी फुगलेला व बेडौल दिसे. आधुनिक चर्मपूरण ही मूलतः मूर्तिकला आहे. प्राण्याची मापे घेऊन, स्नायूंचे उंचवटे व सांध्यांची वळणे दाखविणारी मातीची प्रतिकृती प्रथम घडवितात. तिच्या साच्यातून कागदी लगद्याचा पोकळ व हलका देह काढतात आणि त्यावर कमावलेले कातडे चढवितात. डोळे काचेचे, जीभ व हिरड्या मेणाच्या किंवा तत्सम द्रव्याच्या असतात. म्हणजे प्रेक्षक ज्याला वाघ म्हणतो त्यात वाघाचे असे कातडे, नख्या, मिशा व काही वेळा कवटी एवढेच असते. बाकीचा वाघ कारागिराचा असतो. कार्ल एकली या अमेरिकन शिल्पकाराने ही पद्धती पूर्णत्वास नेली. १९२१ मध्ये बेल्जियन काँगोत संग्रहालयासाठी गोरिलांची शिकार करणाऱ्या याच माणसाने पुढे त्यांच्या रक्षणासाठी खटपट केली व तिच्यातून १९२५ मध्ये तेथे आफ्रिकेतील पहिले राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले.

भारतात या व्यवसायाचे मोठे केंद्र म्हैसूर हे होते. सु. १९०० मध्ये स्थापन झालेल्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात संस्थानिक व इंग्रज अधिकारी यांनी मारलेल्या प्राण्यांचे चाळीस हजारांहून अधिक नमुने तयार झाले. त्यांत वाघ व बिबळे यांचा भरणा मोठा होता. १९९९ मध्ये तो कारखाना बंद झाला. एकट्या कारखान्याचा हा आकडा ध्यानात घेतला, म्हणजे देशातील राजवाड्यांच्या भिंतींवर किती जंगल टांगले गेले याची कल्पना येते.

कोल्हापूरच्या शिकारीच्या इतिहासात चित्त्याचे प्रकरण विशेष उद्‌बोधक आहे. पाळीव चित्ता सोडून काळवीट पकडण्याचा खेळ येथे राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) व त्यांच्यानंतर राजाराम महाराज (कार. १९२२–४०) यांच्या काळी लोकप्रिय होता आणि चित्त्यांची निगा राखणारे चित्तेवान हा दरबारी सेवकांचा एक वर्गच होता. हिंदी चित्ता दुर्मिळ झाला, तेव्हा कोल्हापूरने व भावनगरने आफ्रिकेतून चित्ते आणविले. रानातला प्राणी संपत आला असतानाही खेळ मात्र थांबला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. कोरिया संस्थानात १९४७ मध्ये मारलेले तीन चित्ते हे हिंदी चित्त्यांच्या शेवटच्या निश्चित नोंदींपैकी होत. १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे नामिबियातून चित्ते आणण्यात आले, तेही आफ्रिकीच.

यामुळेच जुन्या संग्रहांतील प्रत्येक कातड्याचे मूल्य त्याच्या चिठ्ठीवर अवलंबून असते. प्राणी कोठे, केव्हा मारला याची नोंद असेल, तर कातड्यातील आनुवंशिक द्रव्यावरून नष्ट झालेल्या समूहांचा इतिहास जुळविता येतो. नोंद नसेल, तर राजवाड्यातला चित्ता हिंदी की आफ्रिकी हे नुसत्या डोळ्यांना सांगता येणे कठीण. शिकारी मंडळी लांबी इंचात काटेकोर नोंदवीत. रानाचे नाव लिहिण्याचा मात्र अनेकांना कंटाळा असे.

हे अवशेष टिकविणे सोपे नाही. कोल्हापूरच्या दमट पावसाळ्यात कातडे ओल धरते, उन्हाळ्यात आकसते व ओठ, कान आणि शिवणी येथे प्रथम उलते. बुरशी, कसर व केस खाणारे भुंगेरे हे कायमचे शत्रू होत. त्यांच्या बंदोबस्तासाठी पूर्वी कातड्याला आतून सोमलाचा साबण चोळीत. त्यामुळे जुने नमुने आजही उघड्या हातांनी हाताळणे धोक्याचे असते. उजेडाने रंग उडतो तो परत येत नाही.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकार व शिकारचिन्हे बाळगणे यांवर कडक निर्बंध आले आणि चर्मपूरणाचा धंदा जवळजवळ संपला. कला मात्र निराळ्या रूपात उरली. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये वन विभागाचे चर्मपूरण केंद्र सुरू झाले. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. संतोष गायकवाड यांनी तेथे नैसर्गिक कारणाने वा अपघातात मेलेले वाघ, सिंह, बिबळे व पक्षी अभ्यासासाठी उभे केले आहेत.

कोल्हापूरच्या राजघराण्याचे शिकारीचे राखीव रान असलेले दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. राधानगरी या नावाने त्याचे क्षेत्र १९८५ मध्ये सु. ३५१ चौ. किमी. पर्यंत वाढविण्यात आले. राजवाड्यातील भिंतींवरून प्रेक्षकाकडे काचेच्या डोळ्यांनी पाहणारी शिरे आणि त्या रानात चरणारे गव्यांचे कळप यांमध्ये मोटारीने जेमतेम दोन-अडीच तासांचे अंतर आहे.